वर्दी उतरली, पाना राहिला

अंजूर म्हटलं की तुम्हाला अंजूरफाटा आठवणार. कंटेनर, धूळ, ट्रॅफिक आणि ‘अजून किती वेळ?’ हा सनातन प्रश्न. पण फाट्यापासून बऱ्यापैकी आत आमचं खरं गाव आहे. गंगाजी नाईकांचं अंजूर. पोर्तुगिजांकडून साष्टी आणि वसई सोडवा म्हणून पेशव्यांच्या मागे लागलेले तेच गंगाजी नाईक. १७३७ साली मोहीम निघाली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यामुळे गावात ‘नाईक’ शब्दाला वजन. मी फौजेत नाईक झालो, तेव्हा आजीला वाटलं, नातवाला थेट गंगाजींचीच गादी मिळाली!

मी १९९८ साली भरती झालो. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या, रणगाडे, तोफा दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. तिथे साध्या शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात. कारागीर! कोअरचं ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’. माझा ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. पहाटे बर्फात इंजिन सुरू होत नसेल, तर अख्खा कॉन्व्हॉय तुमच्याकडे बघत उभा राहतो. तेव्हा कळतं, पाना हीसुद्धा एक जबाबदारी असते.

१७ वर्षांनी, २०१५ साली, पेन्शन घेऊन घरी आलो. वय ३६. डोक्यावर घराचं कर्ज, मुलगी चौथीत. आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडे माझ्यासाठी एकच ऑफर. सिक्युरिटी!

गैरसमज नको. सिक्युरिटीत माझे कितीतरी मित्र आहेत, इमानदारीने काम करतात. पण माजी सैनिक म्हणजे गेटवर उभा राहणारा माणूस, हे समीकरण एवढं पक्कं कसं झालं? मला कुणी विचारलंच नाही की बाबा, तू तिकडे नक्की काय करायचास? एका गोडाऊनवाल्याने तर माझी उंची विचारली, ट्रेड नाही.

मी म्हटलं, रिपेअरिंग करणार. घरात शांतता. मग आई म्हणाली, “इतकी वरसं हात काले केलेस, आता तरी नको करू.” (आमच्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो, समजून घ्या.) आईचं चूक नव्हतं. तिच्या लेखी फौजेतून परतलेल्या मुलाने कडक इस्त्रीत दिसायला हवं होतं. ग्रीसमध्ये नव्हे.

पण आमच्या तालुक्याकडे जरा बघा. एकेकाळी भिवंडी म्हणजे यंत्रमाग. माग बिघडला की जॉबरला बोलवा, असा जमाना. मग मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनींवर गोडाऊनं उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवायची गरज कमी झाली आणि गोडाऊनं आणखी मोठी झाली. तुम्ही रात्री बिछान्यात पडून मोबाइलवरून मिक्सर मागवता ना? तो बहुतेक आमच्या शेजारून निघतो. आणि तो रॅकवरून खाली काढतं कोण? फोर्कलिफ्ट. ती बंद पडली की ट्रक थांबतात, ट्रक थांबले की मॅनेजरचं ब्लडप्रेशर वाढतं. फौजेतला कॉन्व्हॉयच की हा!

पहिलं मोठं काम अजून आठवतं. माल उचलून धरला की फोर्क हळूहळू आपोआप खाली बसत होते. सिलिंडरचं सील दोनदा बदलून झालेलं. मी अर्धा तास काहीच उघडलं नाही, नुसता बघत बसलो. मालकाला वाटलं, फौजी झोपला. पण बाहेर तेलाचा थेंब नाही आणि फोर्क तरी खाली येतात, म्हणजे तेल आतल्या आत टाकीत परत जातंय. दोष सिलिंडरचा नाही, कंट्रोल व्हॉल्व्हचा. उघडल्यावर तोच निघाला. उघडण्याआधी बघ, हे फौजेने शिकवलेलं.

बिल किती लावू? फौजेत कधी कुणी बिल केलंय? मी ३०० रुपये मागितले. मालकाने इतक्या पटकन काढून दिले, की तेव्हाच कळलं, आपण फसलो.

आणखी दोन गोष्टी फौजेने शिकवल्या नव्हत्या. एक, उधारी. एका पार्टीने वर्षभर फिरवलं आणि शेवटी फोन उचलणंच बंद केलं. दुसरी, इगो. बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट आल्या, त्यांचा कंट्रोलर मला ओ की ठो कळेना. हाताखाली आयटीआय झालेला २२ वर्षांचा पोरगा होता, त्याला सगळं येत होतं. मी मात्र रोज सकाळी त्याला परेडसारखा झापायचो. एक दिवस तो आलाच नाही. चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, “चल, तू शिकव, मी शिकतो.” १७ वर्षांच्या नोकरीत कधी एवढा घाम फुटला नव्हता.

हे सगळं आज लिहायचं कारण माझा पुतण्या. २०२२ साली अग्निपथ योजना आली आणि पहिल्या बॅचेसमधूनच तो इन्फन्ट्रीत गेला. चार वर्षं. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे घरी. सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख मिळतील, असं तेव्हा जाहीर झालं होतं. पेन्शन नाही. मध्यंतरी फोनवर म्हणाला, “काका, तुम्ही क्राफ्ट्समन होता. माझा ट्रेड काय? रायफल!”

मी गप्प झालो. कारण माझी यशोगाथा लोकांना सांगताना एक गोष्ट मी नेहमी गाळतो. त्या पार्टीने पैसे बुडवले, तेव्हा माझ्या घरात चूल पेटली ती पेन्शनवर. हिंमत माझी होती, पण खाली जाळी सरकारची होती. त्याच्या खाली ती जाळी नाही. त्याला ‘कर धंदा, घाबरू नकोस’ म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे.

मग खरं तेच सांगितलं. सेवानिधीला लगेच हात लावू नकोस, गाडी तर अजिबात घेऊ नकोस. आधी कायम होतोस का बघ, निमलष्करी दलांतल्या राखीव जागांचे फॉर्म भर. नाही जमलं तर मी ३६ व्या वर्षी सुरू केलं, तू पंचविशीच्या आत असशील. आयटीआय कर, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढ, मग स्वतःचं बघू. “आणि तोपर्यंत?” तो म्हणाला. तोपर्यंत माझ्या शेडमध्ये जागा आहे.

गेल्या सुट्टीत तो आला. तिसऱ्या दिवशी कंटाळला आणि शेडमध्ये येऊन उभा राहिला. मी काही बोललो नाही. त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं. मास्टखाली लाकडी ठोकळा नीट बसलाय ना, हे आधी हलवून बघितलं, मग आत शिरला. आई दारातून बघत होती, म्हणाली, “याचेबी हात काले झाले.” पण या वेळी हसत.

आतून आवाज आला, “उस्ताद, १७ नंबर द्या.”

काका नाही म्हणाला. उस्ताद म्हणाला. मी पाना दिला.