नंबर आपला हाय

आमच्या लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे, एसटीचा थांबा आहे. रेल्वे नाही. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास हैदराबादहून मनमाडपर्यंत रूळ पडले, ते जालन्यावरून गेले. बीड बाजूला राहिलं. जिल्ह्यात गाडी होती ती परळीच्या कोपऱ्यात. नगर-बीड-परळी मार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली आणि बीडहून नगरला पहिली गाडी धावली ती 17 सप्टेंबर 2025 ला. मधली तीस वर्षं आमच्या माणसांनी ट्रकमधे काढली.

रात्रीचा प्रवास म्हणजे आम्हाला ट्रकच ठाऊक. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. भांडीकुंडी, सरपण, शेरडं, लेकरं, सगळं एकावर एक. माणसं कोयता घेऊन कारखान्याला निघालेली. त्या प्रवासाला तिकीट नसतं, नंबर नसतो. उचल घेतलेली असते, तेवढंच.

म्हणून 1998 चा तो प्रवास लिहून ठेवतो. मी नुकताच मास्तर झालो होतो. पगारातून स्लीपरची पाच तिकिटं काढली. आजी, बाप, माय, धाकटी बहीण आणि मी. 5 डिसेंबरच्या रात्री निघून सकाळी दादरला उतरायचं, चैत्यभूमीला जायचं. आजीनं मुंबई पाहिलेली नव्हती. बाबासाहेब गेल्याचं तिला चार दिवसांनी कळलं होतं, हे ती दर वर्षी सांगायची.

मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, अंबड करत जालना गाठलं. संगं भाकरी, ठेचा, पाण्याची कळशी. फलाटावर निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पाय ठेवायला जागा नाही.

आजी डब्यात शिरली आणि दाराजवळ खालीच बसली. तिला कुणी हटकलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. सारा जन्म लोकांच्या उंबऱ्याबाहेर बसलेली बाई.

‘आजी, वर बस.’

‘आसू दे रं. लोकाच्या बाकड्यावर कशाला?’

बाप म्हणाला, ‘लोकाचं न्हाई. नंबर आपला हाय. पैशे मोजलेत.’

तव्हा उठली. बसायच्या आधी गादीवरून हात फिरवला. ‘मऊ हाय की!’

ही मऊ गादीसुद्धा आपोआप आलेली नाही, दोस्तांनो. तिसरा वर्ग 1974 साली गेला, पण लाकडी फळ्या राहिल्याच. 1977 ते 79 या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. आमच्या शेजारच्या नगरात जन्मलेला समाजवादी माणूस. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला लावला. दोनच इंच. पण गरिबालाही पाठ असते, हे दिल्लीत कुणाच्या तरी ध्यानात आलं.

समोर एक गृहस्थ बसले होते. म्हणाले, ‘हा रिझर्वेशनचा डबा आहे. तुमच्या लोकांची गाडी वेगळी सोडतात.’

बापानं खिशातून तिकीट काढून पुढं केलं. गृहस्थांनी नंबर ताडून पाहिले. एकदा नाही, दोनदा. मग विचारलं, ‘आडनाव काय म्हणालात?’

तिकिटावर वय होतं, बर्थचा नंबर होता. जात नव्हती. त्यांना तीच पाहिजे होती. बापानं आडनाव सांगितलं आणि वरून खणखणीत ‘जयभीम’ घातला. गृहस्थांनी आपली पाण्याची बाटली उचलून उशाशी घेतली.

1901 साली छोटा भीमराव भावाभाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला होता. वडलांकडं निघालेली चांगल्या कपड्यांतली पोरं. स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि त्याचा चेहराच बदलला. गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्यावर. गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. संगं खायला होतं, पण प्यायला पाणी नाही. रात्र तशीच उपाशी गेली. मसूर ते जालना सत्त्याण्णव वर्षं. तिथं गाडीवान खाली उतरला, इथं बाटली सरकली. फरक पडलाय, नाही कशाला म्हणा? पण पाणी अजून मधे आहेच.

आणि रिझर्वेशन तर त्या गृहस्थांना मान्यच होतं. कागद दाखवला की दुसऱ्यानं मुकाट उठायचं, हा नियम अख्ख्या डब्याला पटतो. नोकरीच्या यादीत तोच शब्द आला की पोटात दुखायला लागतं.

औरंगाबादला आणखी माणसं चढली. आपलीच माणसं. नंबर नसलेली. मधले बर्थ उघडले होते, दिवे मालवले होते. वाटेत एक बाई तान्हं पोर घेऊन उभी. आजीनं पाय आखडून घेतले. ‘ये बाई, टेक.’ बहिणीनं आणखी दोन लेकरं वर ओढली. बाप उठून बसला आणि एका म्हाताऱ्याला जागा दिली. मनमाड मागं पडेपर्यंत आमच्या पाच बर्थवर अकरा माणसं झाली. आजी रात्रभर बसून होती, पण बाकड्यावर बसून होती.

तिनं त्या रात्री दोन कामं केली. आपला नंबर सोडला नाही आणि आपल्या नंबरावर एकटी पसरली नाही. पहिलं काम आपल्याला चळवळीनं शिकवलं. दुसऱ्याचं काय?

आज आपल्यातले पुष्कळजण नंबरवाले झाले. मास्तर झाले, क्लार्क झाले, साहेब झाले. हक्काची जागा आहे, ती कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. पण ट्रकमधलं माणूस अजून ट्रकमधेच आहे. दर साली कोयता घेऊन निघतंय. त्याच्या पोराची शाळा फडावर बुडते. आता बीडला रूळ आले, गाडी आली. त्या गाडीत कोण बसणार आणि ट्रकमधे कोण उरणार, हा प्रश्न रेल्वे सोडवणार नाही.

कार्यकर्त्या मित्रा, सहा डिसेंबरला निघशील तेव्हा तिकीट काढ. कुणी विचारलं तर ताठ मानेनं दाखव. आणि वाटेत कुणी उभं दिसलं तर पाय आखडून घे.

जयभीम.