हिरकणीचा बुरूज

गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं सहकुटुंब रायगडास जाऊन आलों. सुमारें २७०० फूट उंचीचा हा गड. १६७४ सालीं श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तो येथेंच. आमच्या वृद्ध पायांस रज्जुमार्गाचें साह्य घ्यावें लागलें. बरोबर धाकटी सूनबाई व तिची पांच महिन्यांची कन्या होती.

फिरत फिरत पश्चिमेकडील हिरकणीच्या बुरुजापाशीं आलों. कथा वाचकांस ठाऊक आहेच. दूध घालावयास गडावर आलेली गवळण, कोजागरीची संध्याकाळ, मिटलेले दरवाजे आणि खालीं घरीं तान्हें बाळ. ती माउली अंधारांत तो उभा कडा उतरून गेली व महाराजांनीं तेथें बुरूज बांधवून तिचें नांव दिलें, अशी परंपरा आहे.

जुन्या संवयीनें आम्हीं मातृप्रेमावर बोलूं लागलों. सूनबाईनें शांतपणें ऐकून घेतलें, मग हळूच म्हणाली, "मामंजी, कडा उतरून गेल्यावर हिरकणीला कोणीं विचारलें नसेल, दूध पुरतें का म्हणून."

आम्हीं निरुत्तर झालों. बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवस आमच्या घरांत हाच प्रश्न सांजसकाळ चालला होता, आणि विचारणारांत आम्हींही होतों. तिच्या स्तनाग्रांस चिरा पडल्या होत्या. पाजतांना डोळ्यांस पाणी येई. बाळ रडलें कीं 'दूध कमी' हा निकाल ठरलेला, आणि डब्याच्या भुकटीचा आग्रह. अखेर एका अनुभवी परिचारिकेनें बाळास धरण्याची रीत सुधारली. केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोंवतालचा काळसर भागही बाळाच्या मुखांत गेला पाहिजे. बाळ जितकें ओढील तितकें दूध अधिक येतें. वरचें दूध दिलें कीं ओढणें कमी होतें व अंगावरचें आटूं लागतें. बाळाचें वजन वाढत असेल व दिवसांतून सहासात वेळां लघवी होत असेल, तर दूध पुरतें असें समजावें. कांहीं थोड्या मातांस तें खरोखरच पुरत नाहीं; परंतु त्याचा निर्णय वैद्यानें करावा, माजघरानें नव्हे.

क्रोध, शोक व अवात्सल्य यांनीं स्तन्यनाश होतो, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. मन त्रस्त असलें म्हणजे पान्हा अडतो, असें आजचें शास्त्रही म्हणतें. तें वचन आम्हीं तरुणपणींच वाचलें होतें. तें आपल्याच घरास लागू आहे, हें मात्र ध्यानीं आलें नव्हतें. कड्याचें कौतुक करणारे आम्हीं, घरांत दुसरा कडा उभा करून बसलों होतों!

परतीच्या वाटेवर एका एस. टी. स्थानकांत 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसली. प्रवासांत बाळास पाजण्यासाठीं मातांकरितां केलेली ही खोली. सूनबाई बाळास घेऊन आंत गेली. आम्हीं पिशव्या सांभाळीत बाहेर उभे राहिलों. इतक्यांत आमची गाडी लागली, भरली व सुटण्याची वेळ झाली. आम्हीं हाक मारली नाहीं. ती गाडी गेली. दुसरी तासाभरानें मिळाली.