घराची हद्द

ज्या वादळाची ही हकीकत, त्याचें नांव ‘निसर्ग’ होतें. हिंदी महासागराच्या उत्तर भागांत उठणाऱ्या वादळांना आगाऊ नांवें ठरवून ठेवण्याची रीत आहे. त्यासाठीं तेरा देशांनीं मिळून २०२० सालीं जी नवी यादी केली, तिच्यांतलें हें पहिलेंच नांव. तें बांगला देशानें सुचविलेलें. निसर्ग म्हटला कीं आम्हां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें माथेरानची झाडी, नाहीं तर दिनदर्शिकेवरचा धबधबा उभा राहतो. सुटींत आपण त्याच्या भेटीस जावें आणि दोन दिवसांनीं परत यावें, एवढाच त्याचा आमचा संबंध. तो आपण होऊन आमच्या भेटीस निघाला असून ३ जून रोजीं दुपारीं किनाऱ्याला लागेल असें कळलें, तेव्हां आमच्या गिरगांवांतल्या वाडींत जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती.

मुंबईकराला पावसाची तयारी कुणी शिकवावी लागत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हांपासून तर पाणी कुठवर चढतें याच्या खुणाच लोकांनीं मनाशीं करून ठेवल्या आहेत. पण वाऱ्याची तयारी निराळी. पाणी खालून येतें, म्हणून माणूस वस्तु उचलून वर ठेवतो. वाऱ्यासाठीं उलट करावें लागतें. वरचें खालीं आणि बाहेरचें आंत आणावें लागतें. पाहुणा यावयाचा म्हणजे घर मांडावयाचें. वादळ यावयाचें म्हणजे घर उतरवावयाचें.

आदल्या दिवशीं सकाळपासून आम्ही तेंच करीत होतों. सज्जांतली तुळस, कोरफडीच्या दोन कुंड्या, कपडे वाळत घालण्याच्या काठ्या, पावसाळ्यासाठीं जपून ठेवलेला पत्र्याचा तुकडा, जुनी मोडकी खुर्ची, सारें एकामागून एक आंत आलें. गच्चीवरच्या टाकीचें झांकण दोरानें करकचून आवळलें. गच्चीच्या नळांच्या तोंडाशीं सांचलेला पाला काढला. तो तसाच राहिला असता तर गच्चीचेंच तळें झालें असतें. वीज गेली कीं पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे नळ कोरडा. म्हणून पिंप, कळशी आणि होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या भरून ठेवल्या. शिधापत्रिका, विम्याचे कागद आणि आईचीं औषधें प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधलीं. पत्नीनें पोहे, मेतकूट आणि भाजणीचे डबे हाताशीं काढले. समोरच्या बिऱ्हाडानें खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या. अशा फुल्यांनीं काच बळकट होत नाहीं. खिडकीची कडी घट्ट बसवावी आणि माणसानें काचेपासून दूर बसावें, हेंच खरें. पण फुली मारल्यानें हाताला काम मिळतें आणि जिवाला धीर येतो, हेंहि कांहीं थोडें नाहीं.

कुंड्या आंत ओढतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. मी त्या वांचवीत होतों असें मला वाटत होतें. वस्तुतः त्या कुंड्यांपासून मी दुसऱ्या कुणाला वांचवीत होतों. तिसऱ्या मजल्यावरून सुटलेली मातीची कुंडी खालच्या बोळांतल्या माणसाच्या डोक्यावर पडली तर ती तुळशीची होती म्हणून कांहीं कमी लागत नाहीं. वारा झाडें पाडतो, कौलें उचलतो. पण शहरांत त्याच्या हातीं शस्त्रें द्यावयाचें काम पुष्कळदां आपणच करून ठेवलेलें असतें. कुणी पत्रा नुसता विटेच्या भारावर ठेवतो, कुणी पाटी एका खिळ्यावर लटकावतो. शहरांतलें घर आपल्या भिंतींपाशीं संपत नाहीं. त्यांतली सैल वस्तु उडून जिथें पडेल तिथवर त्याची हद्द जाते.

हा विचार मनांत घोळत असतांनाच आईनें विचारलें, “गच्चीवरच्यांचें काय?”

आमच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे. तींत नवराबायको आणि दोन मुलें राहतात. एरवीं या प्रश्नाचें उत्तर द्यावयास क्षणाचाहि वेळ लागला नसता. पण ते दिवस करोनाचे होते. दोन अडीच महिने आम्ही दार लावून बसलों होतों. दुधाची पिशवीसुद्धां धुऊन घरांत येत होती. आईनें ऐंशी ओलांडलेली. तिला जपावयाचें हा घरांतला पहिला नियम. सांथ सांगत होती कीं खिडक्या उघड्या ठेवा आणि माणसांना बाहेर ठेवा. वादळ सांगत होतें कीं खिडक्या लावा आणि माणसांना आंत घ्या. दोन्हीं संकटें खरीं, दोन्हींच्या सूचना योग्य, आणि दोन्हीं एकाच वेळीं पाळणें अशक्य. अशा वेळीं शहाणपणाचा निर्णय कोणता, हें सांगणारें पुस्तक मला ठाऊक नाहीं. पत्नी माझ्याकडे पाहत होती आणि मी जमिनीकडे.

आईच म्हणाली, “माझ्याकडे बघून गप्प बसूं नका. आजार आला तर डॉक्टर आहे. पत्रा उडाला तर त्या पोरांना कोण आहे? बोलाव त्यांना.”

मी वर गेलों. रात्रीं तीं चौघें तोंडाला फडकीं बांधून पुढल्या खोलींत निजलीं. आईचें अंथरूण आम्ही आंतल्या खोलींत हलविलें आणि मधलें दार लावून घेतलें. तेवढीच आमच्याच्यानें होण्यासारखी तडजोड होती.

दुसरे दिवशीं दुपारीं आम्ही समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांकडे डोळे लावून बसलों होतों. पण आपल्या गोलार्धांत चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. वादळाचा मध्य दक्षिणेला असला म्हणजे त्याच्या उत्तरेकडील गांवाला वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. पश्चिमेची वाट पाहणाऱ्यांच्या पाठीशीं तो असा येऊन उभा राहिला. पत्रे खडखडले, नाक्यावरचें एक झाड आडवें झालें, पाऊस तिरपा झाला. आणि संध्याकाळपर्यंत सारें ओसरलें. गच्चीवरचा पत्राहि जागेवर होता. वादळ मुंबईवर न येतां अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें होतें. वाडींत जो तो म्हणूं लागला, “देवाची कृपा! वळलें.”

आई मात्र बोलली नाहीं. अलिबागच्या दक्षिणेस तिचें माहेर आहे.

श्रीवर्धनजवळ माझ्या मामाची नारळी-पोफळींची वाडी. आम्ही राहतों तीहि वाडीच. गिरगांवांतल्या वाड्या एके काळीं झाडांच्याच होत्या. फणसवाडीचें नांव अजून त्याची साक्ष देतें. आतां आमच्या वाडींत माणसें दाटीनें उभीं आहेत आणि मामाच्या वाडींत पोफळी उभ्या होत्या. त्या बाजूचे विजेचे खांब पडले होते, टेलिफोन मुके झाले होते. चार दिवस आईनें फोन हातांतून खालीं ठेवला नाहीं. पांचव्या दिवशीं मामाचा आवाज आला, “ताई, माणसें सुखरूप आहेत. बाकीचें विचारूं नकोस.” मग न विचारतांच तो सांगूं लागला. नारळ एकएकटे पडले. पोफळी मात्र ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास सहासात वर्षें लागतात, आणि मामानें सत्तरी ओलांडली होती. शेवटीं तो म्हणाला, “आम्हीहि तयारी केली होती गो. कौलांवर जाळें टाकलें, गुरें सोडलीं, होडी वर ओढली. पण बाग कुठें आंत घ्यायची?”

या प्रश्नापुढें आमच्या भरलेल्या बादल्या आणि बांधलेल्या पिशव्या मला फार लहान वाटल्या. शहरांतलें घर उतरवितां येतें, कारण त्यांतलें बहुतेक सारें विकत आणलेलें असतें. जें लावलेलें असतें आणि ज्याचीं मुळें जमिनींत असतात, त्याला वादळाच्या आदल्या दिवशीं करावयाजोगी तयारीच नसते. आणि जें ‘वळतें’ तें नाहींसें होत नाहीं; तें कुणाच्या तरी दारीं जातें. घर सुखरूप राहिल्याचा आनंद माणसानें अवश्य मानावा. परंतु तो मोठ्यानें बोलून दाखविण्यापूर्वीं दक्षिणेकडे एकदां कान द्यावा.

पुढल्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ आलें. तें किनाऱ्याच्या कडेकडेनें समुद्रांतूनच दक्षिणेकडून उत्तरेस गेलें. १७ मे रोजीं कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशीं १०८ किलोमीटरपर्यंत पोंचला. आमच्या तयारीचा क्रम तोंवर बदलला होता. आईनें पहिला फोन मामाला लावला. वादळ त्याच्याकडे आमच्या आधीं पोंचावयाचें होतें. नव्या रोपांना त्यानें आधाराच्या काठ्या बांधल्या होत्या. त्या टिकतील अशी त्यालाहि खात्री नव्हती, पण बांधल्या होत्या. तें ऐकून मी कुंड्या आंत घ्यावयास उठलों आणि दार उघडलें. करोना अजून गेलेला नव्हता. तरी गच्चीवरच्या मुलांना या खेपेस बोलवावें लागलें नाहीं. तोंडाला फडकीं बांधून, वळकट्या काखेंत घेऊन तीं अगोदरच जिन्यांत उभीं होतीं.