दार लावून

पालम तालुक्यातल्या गावांत मी बौद्धिक दिव्यांग मुलांचा विशेष शिक्षक म्हणून फिरतो, तेव्हा आईवडील अक्षरांविषयी, आकड्यांविषयी मोकळेपणानं विचारतात. खरी अडचण निघताना सांगतात, गाडीपाशी येऊन, मान खाली घालून. "सर, पोरगं चारचौघांत चड्डीत हात घालतंय ओ. लई मारलं, तरी सोडीना. लगीन लावून द्यावं का?"

लग्नाचं बोलणं मी तिथंच थांबवतो. दुसऱ्याची लेक औषध म्हणून आणायची नसते. आधी डॉक्टर. नायटा, लघवीची जळजळ, घट्ट कपडे यांतलं काही निघालं, तर उपचारानंच बरंच थांबतं. मग दिवसभर हाताला काम आहे का, ते बघायचं. ओसरीवर रिकामं बसवलेलं लेकरू दुसरं काय करणार?

एवढं करूनही जे उरतं, ते वयात आलेल्या शरीराचं. बुद्धी मागं राहिली म्हणून शरीर थांबत नाही. माराने लेकरू फक्त लपायला शिकतं. त्याला जागा शिकवावी लागते. एका खोलीत सहा माणसं राहत असतील, तर ती जागा आधी तयार करावी लागते. म्हणून न्हाणीला पडदा किंवा दार, त्यावर एक चित्र, आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "इथं नाही. न्हाणीत, दार लावून." आजी हसली आणि काकांनी थोबाडीत दिली, तर शिकवलेलं सगळं वाया. (झटके येणाऱ्या लेकराला मात्र कडी नको, पडदाच बरा.) आणि हा नियम घरानंही पाळायचा. सोळा वर्षांच्या मुलाला अंगणात उघडं करून अंघोळ घालणाऱ्या घरात तो आडोसा कशावरून शिकेल?

मुलींच्या बाबतीत भीती आणखी खोल असते: पाळीची, अत्याचाराची. १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली; कारण दिलं पाळीतल्या स्वच्छतेचं. पाळीची घडी बदलणं शिकवता येतं. हळूहळू, पण येतं. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांग व्यक्तीच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचाराला मनाई केली आहे. आणि गर्भाशय काढल्यानं अत्याचार थांबत नाही, फक्त तो कळत नाही. सगळ्यांचं मुकाट ऐकणारी मुलगी मला सर्वांत असुरक्षित वाटते. तिला "नको" म्हणायला शिकवतो: चहा नको, ही बांगडी नको. आणि तिचं नको घरानं ऐकायचंच, पाहुण्यांसमोरसुद्धा.

आईवडिलांना एकच विनंती. आवाज फुटायची, पाळी यायची वाट बघू नका. नवव्या-दहाव्या वर्षीच सुरुवात करा. आपल्या लेकरांना शिकायला वेळ जास्त लागतो.