शस्त्राआधी चेहरा
आम्ही काही स्नेही दरमहा एकत्र जमून जुन्या युद्धांची छायाचित्रे व चित्रफिती पाहतो. तोफ कोणती, गणवेश कुणाचा, यावर पैजा लागतात. परवा फ्रान्समधील सोमच्या लढाईचा १९१६ चा मूकपट लावला. खंदकातून वर चढताना सैनिक कोसळतात, तो प्रसंग सरावाच्या जागी मुद्दाम घडवलेला आहे, हे मी अभिमानाने सांगितले. मग एक सैनिक जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन आला. त्याची नजर थेट आमच्यावर रोखलेली. हे चित्रण मात्र खरे होते. लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलैला, ब्रिटिश सैन्यातील १९,२४० जण मृत्युमुखी पडले. माझ्या माहितीची मलाच लाज वाटली. आता आम्ही शस्त्राआधी चेहरा पाहतो.