कार्डाचा पत्ता आणि परवान्याचे कुलूप

वळिवाच्या पावसात वीज कोसळली आणि बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतील सर्व्हरचे नेटवर्क कार्ड जळाले. तो शुक्रवार होता. रात्रीपर्यंत नवे कार्ड बसले, माहितीही शाबूत होती. परंतु संगणक-जाळ्यांचे सिम्युलेशन करणारे सॉफ्टवेअर उघडेना. त्याचा परवाना जळालेल्या कार्डाच्या मॅक पत्त्याशी बांधलेला होता.

मॅक पत्ता म्हणजे ४८ बिटांचा आकडा. सामान्यतः पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख सांगतात. स्थानिक जाळ्यावरील माहिती नेमक्या कार्डापर्यंत पोहोचावी, एवढेच त्याचे मूळ काम. परवाना देणाऱ्यांनी त्या पत्त्याचेच कुलूप केले.

शोधनिबंधाची मुदत सोमवारी दुपारी संपत होती. बेळगावहून आलेल्या विद्यार्थ्याने प्राध्यापिकेला विचारले, "मॅडम, जुना पत्ता नव्या कार्डाला देऊ का? एका कमांडचं काम आहे."

करारात तशी मनाई होती. "नको," त्या म्हणाल्या. "पैसे मोजून घेतलेली वस्तू चोरासारखी कशाला उघडायची?"

कंपनीला पत्र गेले. कार्यालय सोमवारी उघडेल, असे आपोआप उत्तर आले.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. प्रताधिकार कायदाही हेच सांगतो. मात्र त्याचे कलम ५२ वैध प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी जादा प्रत काढू देते. आणि २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, तेही हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायदा हेतू पाहतो. कुलूप पाहत नाही. चोर पत्ता बदलून केव्हाच आत गेलेला असतो. दाराबाहेर ताटकळतो तो पावती हाती असलेला ग्राहक.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्था १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पातील आठ संस्थांपैकी एक. संशोधकांना जोडणारे जाळे उभे राहिले ते सर्वांना खुल्या असलेल्या टीसीपी/आयपी नियमांच्या बळावर. त्या जाळ्याचा अभ्यास मात्र इथे एका जळक्या कार्डापाशी अडला होता.

नवा परवाना मंगळवारी आला. मुदत सरली होती. तोवर विद्यार्थ्याने एनएस-३ या मुक्त सिम्युलेटरवर प्रयोग पहिल्यापासून मांडायला घेतला होता. मॅडमनी पुढील खरेदीच्या मसुद्यात एक अट वाढवली: यंत्र बिघडल्यास पर्यायी परवाना त्याच दिवशी मिळावा.