गरुडाच्या गांवीं

जुनें घर घ्यावयाचें तर तें भर पावसांत पाहावें, आणि जुनें वाहन घ्यावयाचें तर तें थंड असतांना पाहावें, असें आमचे काका सांगत असत. आपण येण्यापूर्वींच विकणाऱ्यानें यंत्र तापवून ठेविलें असेल, तर एरवीं तें सुरू होण्यास कुरकुरतें असें खुशाल समजावें; यासाठीं किंमतीची गोष्ट काढण्यापूर्वीं यंत्रास हात लावून पाहावा. काकांस हा अधिकार त्यांच्या 'बजाज' स्कूटरमुळें प्राप्त झालेला होता. आमच्या पुण्याच्या एकत्र कुटुंबांत तेवढेंच एक वाहन. रोज सकाळीं तिला एका कुशीवर कलती केल्याशिवाय ती चालू होत नसे, व ती कलती करण्याचा मान घरांतील थोरल्या मुलाचा असे.

त्या स्कूटरचें कूळ इटलींतील 'व्हेस्पा'चें, हें आम्हांस पुष्कळ मागाहून कळलें. २०१४ सालीं नोकरीच्या निमित्तानें आम्हां उभयतांचें बिऱ्हाड मिलान शहरीं झालें आणि दोन वर्षांनीं एक जुनी इटालियन मोटारसायकल घेण्याचें मनांत आलें, त्या वेळीं काका हयात नव्हते. त्यांचें वाक्य मात्र आम्हीं बरोबर नेलें होतें.

गाडी होती १९७८ सालची 'मोतो गुत्सी', ८५० टी३ या जातीची. लेक्को शहराजवळच्या एका खेड्यांत एका वृद्ध गृहस्थाकडे ती होती. गुडघ्यांनीं दगा दिल्यामुळें ती जड गाडी स्टँडवर चढविणें त्यांस आतां झेपत नव्हतें, एवढेंच विक्रीचें कारण. आम्हीं नमस्कार करितां करितांच सिलिंडरावर हात ठेविला. तो थंड होता. म्हातारबाबा मिस्किलपणें हंसले. ही परीक्षा त्यांच्याहि गांवीं चालत असावी. मग त्यांनीं कळ दाबली. दोन-तीन आचके देऊन यंत्र बोलूं लागलें, आणि जरा जोर देतांच सबंध गाडी उजव्या बाजूस झुकली. आम्हीं दचकलों, परंतु हा दोष नसून या गाडीचा स्वभाव आहे. हिच्या यंत्राचा मुख्य दांडा आडवा नसून गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलेला असल्यामुळें तो वेगानें फिरूं लागला कीं उलट बाजूचा हिसका गाडीच्या अंगास बसतो. दोन्ही सिलिंडर एकमेकांशीं ९० अंशांचा कोन करून बैलाच्या शिंगांसारखे दोहों अंगांस बाहेर आलेले असतात. मागच्या चाकास साखळी नाहीं. मोटारीप्रमाणें फिरत्या दांड्यानें तें चालतें.

टायरांवरील नक्षी खोल होती. पण टायरांच्या कुशीवर चार आंकडे छापलेले असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. आम्हांस तेथें '१९०३' आढळलें. म्हणजे २००३ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी शाबूत, परंतु रबर लांकडासारखें झालेलें. तेवढ्यावर आम्हीं किंमत थोडी उतरवून घेतली. ब्रेकांविषयीं विचारतां म्हातारबाबा म्हणाले, "तुत्तो फात्तो," म्हणजे सर्व केलेलें आहे. आम्हीं पायाची पट्टी दाबून पाहिली. ती दगडासारखी घट्ट लागली. ४२०० युरो मोजून आम्हीं गाडी घेतली. तिच्या पाटीवर 'सीओ' हीं कोमो प्रांताचीं जुनीं अक्षरें होतीं. लेक्को हा वेगळा प्रांत १९९२ सालीं झाला, त्यापूर्वींची ही नोंद. मूळ पाटी व मूळ कागद कायम असलेल्या गाडीस त्या देशांत मान आहे. निघतांना म्हातारबाबांनीं आसनाखालील हत्यारांची पेटी दाखविली. तींत पान्हे, एक चिंधी व काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

तो सबंध हिवाळा आम्हीं तळघरांतील गाडीखान्यांत घालविला. या गाडीचा कर्ता मालकाविषयीं दयाळू असावा. सिलिंडर बाहेर आलेले असल्यामुळें चौरंगावर बसून त्यांचीं झांकणें उघडतां येतात. व्हाल्व्हची फट ०.२२ मिलिमीटर ठेवावयाची, ती पातळ पट्टीनें मोजून पान्ह्यानें घट्ट केली कीं काम झालें. तेल बदलणें मात्र तसें सुखाचें नाहीं. कारण गाळणें यंत्राच्या तळाशीं तेलाच्या परातींत दडविलेलें आहे, व तेवढ्यासाठीं सबंध परात सोडवावी लागते. एंजिन, गियरपेटी व मागच्या चाकाजवळील दांतेरी चाकें अशीं तेलाचीं तीन स्थानें आहेत. तिन्हींचें तेल आम्हीं बदललें. टायर नवे घातले. मागच्या दांड्याचा सांधा व त्याचें बेअरिंग हातानें फिरवून पाहिलें, कारण तें धावतां धावतां धरलें तर मागचें चाकच अडकावयाचें.

ठिणगीची वेळ जुळवितांना एक मौज आढळली. एका रबरी बुचाखालील छिद्रांतून फ्लायव्हील दिसतें, आणि त्यावर 'डी' व 'एस्' अशा दोन खुणा कोरलेल्या आहेत. 'डी' म्हणजे 'देस्त्रो', उजवा. 'एस्' म्हणजे 'सिनिस्त्रो', डावा. 'देस्त्रो' व आपला 'दक्षिण' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज. 'सिनिस्त्रो' शब्दास अशुभ असाहि अर्थ आहे, जसा आपल्या 'वाम' शब्दास प्रतिकूल असा आहे. आणि इटालियन विम्याच्या कागदांत तर 'सिनिस्त्रो' म्हणजे अपघातच. हें आम्हीं मोठ्या कौतुकानें सौ.स सांगितलें. ती तेव्हां नगरपालिकेच्या वर्गांत इटालियन शिकत होती, व आमच्यापेक्षां पुष्कळ पुढें गेली होती. "शब्दांचें राहूं द्या, गाडी चालेल ना?" एवढेंच ती म्हणाली.

मांदेल्लो देल लारियो हें या गाडीचें माहेर. तेथें तिला नेऊन आणावी असें ठरवून २०१७ च्या मे महिन्यांत एका शुक्रवारीं आम्हीं उभयतां पहाटेस निघालों. सरळ लेक्कोवरून न जातां एर्बा, आस्सो या वाटेनें डोंगर चढून, पलीकडे बेल्लाज्जियोस उतरून, तेथून नावेनें सरोवर ओलांडावें असा बेत केला. घाटमाथ्यावर ७५४ मीटर उंचीवर 'मादोन्ना देल गिझाल्लो'चें लहानसें देऊळ आहे. १९४९ सालीं पोप बारावे पायस यांनीं या मातेस सायकलस्वारांची संरक्षक देवता म्हणून जाहीर केलें. आंत भिंतींवर फाउस्तो कोप्पी, जिनो बार्ताली अशा नामांकित स्वारांच्या सायकली नवसाच्या वस्तूंसारख्या टांगलेल्या आहेत. जेजुरीस पायऱ्यांवर दीपमाळा दिसाव्यात तशा ह्या सायकली पाहून सौ.नें हात जोडले, व आम्हींहि जोडले. बाहेर येऊन खालीं पाहिलें तों सरोवराचे दोन निळे फांटे, आणि मध्यें जिभेसारखी बेल्लाज्जियोची भूमि.

उतार फार तीव्र आहे. वळणामागून वळण येत होतें, आणि आम्हीं पायाच्या ब्रेकावरच सर्व भार टाकून चाललों होतों. पांचव्या कीं सहाव्या वळणापूर्वीं पाय दाबला तो सरळ खालपर्यंत गेला. पट्टीखालीं जणूं कांहींच नव्हतें.

येथें या गाडीची एक रचना सांगितली पाहिजे, कारण आम्हीं आज हें लिहीत आहों तें तिच्यामुळें. १९७५ सालीं आलेल्या या टी३ गाडींत पायाची पट्टी दाबली असतां मागचा ब्रेक व पुढच्या चाकावरील डावा ब्रेक असे दोन एकदम लागतात. हाताच्या मुठीनें पुढचा उजवा तेवढा लागतो, आणि त्याचें तेल व नळी निराळी आहे. डावा गेला होता, दक्षिण शिल्लक होता. सौ. मागून ओरडली, "अहो, गियर खालीं घ्या!" आम्हीं मूठ आवळली, गियर दोनदां खालीं घेतला, आणि वळणाच्या आंतल्या अंगास असलेल्या दगडी बांधाशीं गाडी कशीबशी उभी केली. पलीकडच्या अंगास बांध नव्हता.

कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. ब्रेकाच्या चकतीजवळ हात नेववत नव्हता. गाडी निवावी म्हणून आम्हीं तासभर बांधावर बसलों. सौ.नें पाण्याची बाटली काढण्यासाठीं पेटी उघडली, आणि ती काळी वही हातांत घेतली. वहींत म्हातारबाबांनीं शिसपेन्सिलीनें प्रत्येक दुरुस्तीची तारीख व मैलांच्या जागीं किलोमीटर लिहून ठेविले होते. ती पानें उलटीत गेली व एके ठिकाणीं थांबली.

"'फ्रेनी' म्हणजे ब्रेक ना? त्यांचें तेल बदलल्याची शेवटची नोंद २००९ सालची आहे."

म्हातारबाबा खोटें बोलले नव्हते. त्यांनीं सर्व केलें होतें. फक्त आठ वर्षांपूर्वीं केलें होतें.

"हिवाळाभर ही वही पेटींतच होती," सौ. म्हणाली, "तुम्हीं उघडूनहि पाहिली नाहींत?" उघडून पाहिली होती. अक्षर लागलें नाहीं म्हणून मिटून ठेविली, आणि शेजारच्या खोलींत इटालियन वाचणारें माणूस असतांना तिला विचारलें नाहीं. यंत्राचें काम पुरुषाचें, अशी आमची समजूत होती. हें कबूल करण्यास त्या बांधावर आम्हांस फार वेळ लागला.

ब्रेकाचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. जुन्या रबरी नळींतूनहि तो झिरपतो. पाणी मुरलेलें तेल कमी उष्णतेवर उकळतें. उतारावर चकत्या तापल्या कीं त्याची वाफ होते; आणि द्रव दाबला तर दाब पुढें जातो, वाफ दाबली तर तीच आक्रसते, म्हणून पाय रिकामा जातो. निवाल्यावर वाफेचा पुन्हां द्रव होतो व पट्टी पूर्ववत् घट्ट लागते. अंगणांत उभ्या गाडीची पट्टी दाबून पाहण्यास कवडीचाहि अर्थ नाहीं, तो यामुळें. नव्या मालकाचें लक्ष प्रथम यंत्राच्या आवाजाकडे जातें, कारण तेथें हौस असते; ब्रेकाच्या तेलांत हौस कसली? आणि आम्हीं तर यंत्रासाठीं सबंध हिवाळा दिला होता.

पहिल्या गियरांत, पावलापावलानें बेल्लाज्जियोस उतरलों. नावेनें पाव तासांत वारेन्ना गांठलें व सरोवराच्या कांठानें दक्षिणेस मांदेल्लोस आलों. एका गल्लींत एका वृद्ध कारागिराची लहानशी कार्यशाळा सांपडली. त्यानें स्क्रू सैल करून पारदर्शक नळी लावली, तो उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखें तेल बाहेर आलें. नवें तेल फिकट मधाच्या रंगाचें असतें. मग त्यानें पान्हा आमच्या हातांत दिला, सौ.स पायाच्या पट्टीजवळ उभें केलें, आणि आपण हाताची घडी घालून बाजूस झाला. "जू!" म्हटलें कीं तिनें पट्टी दाबावयाची व आम्हीं स्क्रू सोडावयाचा; स्क्रू आवळला कीं "सू!", मग तिनें पाय उचलावयाचा. तीन ब्रेकांसाठीं हें किती वेळां झालें कोण जाणे. पण शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हां सौ.चें इटालियन ऐकून तो कारागीर तिच्याशींच बोलत होता व आम्हीं नुसतेच मान हालवीत होतों. नळ्यांवर पडलेल्या भेगा दाखवून, या आठवड्यांतच त्या बदला, असें त्यानें बजावलें. त्या आम्हीं बदलल्या.

या गडबडींत कारखान्याचें संग्रहालय, जें दुपारीं थोडाच वेळ उघडत असे, तें चुकलें. तें पाहण्यास आम्हीं पुढल्या महिन्यांत आगगाडीनें गेलों.

मांदेल्लो हें एका बाजूस सरोवर व दुसऱ्या बाजूस ग्रिन्या पर्वताचे उघडे कडे, यांमध्यें चेपून बसलेलें गांव आहे. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या नौदलाच्या विमानखात्यांत कार्लो गुत्सी, जॉर्जो पारोदी व जोव्हान्नी राव्हेल्ली असे तीन तरुण होते. गुत्सी यंत्रज्ञ, बाकीचे दोघे वैमानिक. युद्ध संपल्यावर तिघांनीं मिळून मोटारसायकली कराव्या असें ठरलें. पारोदीचे वडील जेनोव्हाचे जहाजमालक. १९१९ च्या जानेवारींत त्यांनीं मुलास पत्र लिहून १५०० ते २००० लिरांपर्यंत मदत देण्याचें मान्य केलें, मात्र त्यावर एक लिराहि जातां कामा नये अशी अट घातली. असें पत्र आपल्याकडील कोणाहि कर्त्या पुरुषानें लिहिलें असतें. त्याच वर्षीं राव्हेल्ली विमान-अपघातांत गेला. १९२१ सालीं उरलेल्या दोघांनीं कंपनी स्थापिली, तेव्हां पंख पसरलेला गरुड हें तिचें चिन्ह ठेविलें, तें त्या मित्राच्या आठवणीचें. आमच्या गाडीच्या टांकीवर तोच गरुड होता, आणि तोंवर आम्हीं त्यास नुसती शोभा समजत होतों.

संग्रहालयांत पहिल्या एकसिलिंडरी गाडीपासून १९५५ सालच्या आठ सिलिंडरांच्या शर्यतीच्या गाडीपर्यंत सर्व ओळीनें मांडलेलें आहे. ती आठ सिलिंडरांची गाडी जुल्यो चेझारे कार्कानो याच्या कल्पनेंतून निघाली, व त्यानेंच पुढें तें दोन शिंगांचें यंत्र योजिलें, जें चौरंगावर बसून आम्हीं उघडलें होतें. २००४ पासून ही कंपनी पियाज्जियोकडे आहे. बारामतीस तीनचाकी गाड्या करणारी ती हीच. काकांच्या स्कूटरचें कूळहि तेंच.

२०१९ सालीं परत येण्याचें ठरलें तेव्हां गाडी विकावी लागली. घेण्यास एक तरुण आला. त्यानें नमस्कार करण्यापूर्वींच सिलिंडरावर हात ठेविला. तो थंड होता. नंतर त्यानें वही उघडली. म्हातारबाबांचीं पानें त्यानें भराभर वाचिलीं, आणि आमच्या पानांवर येऊन थांबला. कारण २०१७ पासूनच्या सर्व नोंदी आम्हीं देवनागरींत केल्या होत्या. शेवटीं सौ. त्याच्या शेजारीं बसली व एकेक ओळ इटालियनमध्यें सांगूं लागली, आणि तो खालीं शिसपेन्सिलीनें लिहून घेऊं लागला. पहिली ओळ तिनें स्वतःहून 'फ्रेनी'ची काढली.